होय, समजले

“डॉक्टरांनी सांगितलेले तुम्हांला समजले का?” हा आमच्या प्रश्नावलीतला सतरावा प्रश्न. त्याच्यापुढे तीन चौकोन : होय, काही प्रमाणात, नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न मी चाळीसएक वृद्धांना विचारला, आणि बहुतेक वेळा पहिल्या चौकोनात खूण करून पान उलटले. खूण करताना हात कधी अडखळला नाही. एका ठिकाणी तो अडखळायला हवा होता. त्या एका खुणेची ही हकीकत.

आपल्या महाविद्यालयातील समाजशास्त्राच्या मॅडम पीएच. डी. साठी संशोधन करीत आहेत हे पुष्कळांना ठाऊक असेल. खेड्यातील वृद्ध माणसे आणि दूरवैद्यक सेवा, म्हणजे रुग्ण एका गावी आणि डॉक्टर दुसऱ्या गावी असताना पडद्यावरून होणारी तपासणी, हा त्यांचा विषय. त्यासाठी घरोघर जाऊन माहिती गोळा करणारी चार मुले त्यांना हवी होती. मी नाव दिले, त्यामागे समाजसेवेची ऊर्मी वगैरे काही नव्हती, हे आधीच कबूल करते. थोडे मानधन मिळणार होते आणि घरातल्या दिवाळीच्या साफसफाईतून सुटका होणार होती. ही दोन कारणे मला पुरेशी होती!

निघण्यापूर्वी मॅडमनी आम्हां चौघांना दोन दिवस शिकवले. प्रश्न जसा छापला आहे तसाच विचारायचा. उत्तर सुचवायचे नाही. चेहऱ्यावर आनंद किंवा आश्चर्य दाखवायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांचे बोलणे चालू असताना मध्ये तोंड घालायचे नाही. “आपण बघायला जातो आहोत, बदलायला नाही,” असे त्या म्हणाल्या होत्या. मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

आमच्या वाट्याला आलेले गाव आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. नाव सांगत नाही, पण वाचकांपैकी अनेकांच्या गावासारखेच ते आहे. चिरेबंदी जोती, कौलारू घरे, पुढे खळे, मागे आंबा-फणस आणि तीन घरांआड एका घराला कुलूप. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे सतरा लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती वाढण्याऐवजी सोळा लाखांच्या आसपास आली. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या. भूगोलाच्या तासाला हे आकडे मी पाठ केले होते, पण त्यांचा अर्थ गावात पाऊल टाकल्यावर कळला. पुरुष मुंबईला, त्यांच्यामागून बायका-मुलेही मुंबईला, आणि उरलेल्या म्हाताऱ्या आया ओटीवर. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरते. एरवी एस. टी. तून उतरणारा नवा माणूस कोण, हे पाहायला चार पिकलेली डोकी कुडाआडून वर येतात. आमच्याकडे पाहूनही ती तशीच वर आली.

गावाच्या टोकाला उपकेंद्र आहे. सरकारी फलकावर अशा केंद्रांचे नाव आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले असले, तरी लोक ‘दवाखाना’च म्हणतात. तिथे एक समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्या पूर्ण डॉक्टर नव्हेत, पण गावाच्या दृष्टीने त्याच डॉक्टर. त्या रुग्णाचा रक्तदाब, साखर, वजन पाहतात, लॅपटॉप उघडतात आणि ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेमार्फत दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. डॉक्टर पडद्यावर दिसतात, विचारपूस करतात, आणि औषधांची चिठ्ठी इकडे छापून येते. रेंज असेल तर सारे दहा मिनिटांत आटोपते. रेंज नसेल तर लॅपटॉप घेऊन सगळी मंडळी फणसाखाली जातात. तिथे म्हणे एक काडी जास्त येते.

या सोयीची थट्टा करावी असे माझ्या मनात नाही. उलट पहिल्याच दिवशी तिचे मोल मला एका आजोबांनी पटवून दिले. ते मुंबईच्या गिरणीत कामाला होते. १९८२ च्या संपानंतर पुन्हा काम मिळाले नाही, तेव्हा बिऱ्हाड आवरून गावी आले ते कायमचेच. दम लागतो आणि पायाला सूज येते, ही त्यांची तक्रार. पूर्वी तालुक्याला दाखवायला जायचे म्हणजे पहाटेची गाडी, दिवसभराचा उपास, रांग, आणि परतीची गाडी चुकली तर कोणाच्या तरी पडवीत मुक्काम. आता ते काठी टेकीत उपकेंद्रात येतात. पडद्यावरच्या डॉक्टरांनी सांगितले, “नडगीवर अंगठा दाबून सोडा, खड्डा राहतो का बघा.” सीएचओ मॅडमनी अंगठा दाबला, सोडला, आणि खड्डा किती वेळाने भरून आला ते सांगितले. डॉक्टरांनी त्यावरून औषधाची मात्रा ठरवली.

मला त्या अंगठ्याची गंमत वाटली. तपासणारे डॉक्टर एकीकडे आणि त्यांचा अंगठा दुसरीकडे! प्रश्नावलीत या अंगठ्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी तो लिहिला नाही.

पुढे ग्रंथालयात बसून या विद्येचा इतिहास वाचला तेव्हा तो अंगठा मला पुन्हा भेटला. टेलिफोन नुकताच निघाला होता, त्या काळची, १८७९ सालची एक गोष्ट. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती आली होती. मध्यरात्री एका घरातून डॉक्टरांना विचारणा झाली की मुलाला घातक खोकला तर झाला नाही ना? डॉक्टरांनी मुलाला यंत्रापाशी धरायला सांगितले, खोकला ऐकला, आणि तो घातक नाही असा निर्वाळा दिला. घरातल्या बायका निश्चिंत होऊन झोपल्या. पुढे १९०५-०६ च्या सुमारास नेदरलँड्समधील लायडन येथे आइन्थोवेन या शास्त्रज्ञाने इस्पितळातल्या रुग्णाच्या हृदयाचा आलेख तारेने सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उमटवला. आपल्या देशात २००० साली आंध्र प्रदेशातील आरगोंडा या खेड्यातल्या रुग्णालयाचे चेन्नईच्या डॉक्टरांशी उपग्रहाद्वारे नाते जुळले, आणि पुढच्याच वर्षी ‘इस्रो’ने या कामात लक्ष घातले. ‘ई-संजीवनी’ २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, ती थेट घरातल्या रुग्णापर्यंत पोचली. त्याआधी काही दिवस, २५ मार्च २०२० रोजी, अशा तपासणीचे अधिकृत नियमही निघाले.

या साऱ्या इतिहासात यंत्राचे नाव आहे, डॉक्टरांचे नाव आहे, सालही आहे. पण त्या मध्यरात्री झोपेतून उठवलेले, रडणारे मूल यंत्रापाशी धरून कोण उभे होते? त्याने मूल नीट धरले नसते तर डॉक्टरांना काय ऐकू आले असते? हा प्रश्न मला आज सुचतो. दिवाळीत तो सुचला असता तर बरे झाले असते.

आता आक्कांविषयी सांगते.

आक्का म्हणजे गावातल्या वरच्या वाडीतल्या एक बाई. वय पंचाहत्तरच्या पुढे. यजमान गेले त्याला बरीच वर्षे झाली. मुलगा, सून आणि नातवंडे नालासोपाऱ्याला. आक्का एकट्या राहतात. स्वतःपुरता भात शिजवतात, सुपारी कातरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. मला पाहताच त्यांनी “ये गो बाय, कुणाची तू?” म्हणून जवळ बसवून घेतले आणि माझी सात पिढ्यांची चौकशी करून घेतली. प्रश्न विचारायला आलेली मी उत्तरेच देत बसले! आता आठवते, माझी बहुतेक उत्तरे त्यांनी “असं होय” म्हणून ऐकली होती. आठवते तेही असे की त्यांनी एकच प्रश्न मला दोनदा विचारला होता.

दुसऱ्या दिवशी त्या उपकेंद्रात आल्या. नेसूचे चांगले लुगडे, केसांना तेल. रक्तदाब वाढलेला निघाला. सीएचओ मॅडमनी डॉक्टरांशी गाठ घालून दिली. बाहेर आणखी पाच-सहाजण बसले होते. पडद्यावरचे डॉक्टर तरुण होते, तोंडाला मास्क होता, आणि ते बोलताना खाली पाहत होते. पडद्यावरच्या आक्कांकडे पाहायचे तर कॅमेऱ्यावरून नजर खाली जाणारच, हे मला आता कळते. त्या वेळी मात्र, हे आक्कांकडे बघत का नाहीत, असे वाटले. आवाज मधूनच तुटत होता.

डॉक्टरांनी विचारले, “जेवणात मीठ किती खाता?”

आक्का म्हणाल्या, “हो, हो.”

डॉक्टर क्षणभर थांबले. तेवढ्यात आवाज पुन्हा तुटला आणि तो प्रश्न तसाच मागे पडला. मला हसू आले. मी ते दाबले, कारण चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही असा नियम होता. मग डॉक्टरांनी बरेच काही सांगितले. जुनी गोळी बंद करायची, तिच्याऐवजी ही नवी, सकाळी एक, महिन्याने पुन्हा दाखवायचे. आक्का प्रत्येक वाक्याला मान हलवीत होत्या. शेवटी डॉक्टर “ठीक आहे आजी” म्हणाले, तेव्हा आक्कांनी आपला उजवा हात मनगट वर करून पडद्यापुढे धरला. नाडी बघायला! सीएचओ मॅडमनी तो हात हलकेच धरून खाली ठेवला आणि चिठ्ठी त्यात दिली. या वेळी मात्र मला हसू आवरले नाही. आक्काही हसल्या. मी का हसले ते त्यांना कळले नसावे. मी हसले म्हणून त्या हसल्या.

बाहेरच्या बाकावर बसवून मी त्यांना प्रश्न विचारले. प्रश्न सतरावा : डॉक्टरांनी सांगितलेले समजले का? “समजलं की! देवमाणूस आहे,” आक्का म्हणाल्या. होय. खूण. प्रश्न अठरावा : या सेवेबद्दल आपले समाधान झाले का? “हो, हो.” पूर्ण समाधान. खूण.

दुसरी फेरी तीन आठवड्यांनी होती. आधी तपासलेल्यांपैकी काहींच्या घरी जाऊन औषधे नीट चालू आहेत का, हे पाहायचे होते. आक्का ओटीवर नव्हत्या. आत गेले तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि डाव्या मनगटाला हळद-चुन्याचा लेप होता. चार दिवसांपूर्वी पहाटे उठून मागल्या दारी गेल्या, घेरी आली, न्हाणीपाशी पडल्या. शेजारच्या वहिनींना आवाज ऐकू आला म्हणून बरे. तीन-चार दिवस उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती, असेही त्या म्हणाल्या. मुलाचा रोज संध्याकाळी फोन येतो, त्याला सांगितलेत का? “त्याला कशाला सांगू? तो काय टाकून येणाराय होय सगळं? बरी आहे म्हणून सांगितलं.”

औषधे बघू म्हटले. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात दोन पाकिटे होती, जुन्या गोळीचे आणि नव्या गोळीचे. दोन्ही अर्धी संपलेली.

“आक्का, जुनी बंद करायला सांगितली होती ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग माझ्या ओठांकडे पाहिले. मी तेच वाक्य जवळ जाऊन, हळू, पुन्हा म्हटले. तेव्हा त्या म्हणाल्या, “असं म्हणाले होय? मला ऐकू येत नाय गो नीट. आणि पैशाची गोळी फेकायची कशाला, म्हणून संपवत होते.”

मी तिथूनच सीएचओ मॅडमना फोन लावला. त्या तासाभरात स्कूटीवरून आल्या, रक्तदाब पाहिला, तो फार उतरला होता. डॉक्टरांशी बोलून जुने पाकीट त्यांनी आपल्या पिशवीत टाकले. दुसऱ्या दिवशी मनगटाचा फोटो काढला. हाड मोडलेले नव्हते. लोक म्हणतात तसे, थोडक्यात निभावले. पण रात्री मुक्कामाच्या घरी मी कागदांचा गठ्ठा उघडला आणि आक्कांचा कागद काढला. सतरावा प्रश्न. माझ्याच हाताची, चांगली ठळक, निळ्या शाईची खूण. होय, समजले.

डॉक्टरांना आवाज तुटल्यामुळे कळले नसेल. सीएचओ मॅडमना बाहेरची रांग दिसत असेल. पण त्या खोलीत एक माणूस असे होते की ज्याला दुसरे काही काम नव्हते, फक्त पाहायचे होते. मिठाच्या प्रश्नाला “हो, हो” हे उत्तर त्याने ऐकले होते, आणि त्याला ते गमतीचे वाटले होते. ते माणूस म्हणजे मी.

गावाहून परतल्यावर मी मॅडमकडे गेले, सर्व सांगितले, आणि विचारले की ती खूण खोडू का. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “खोडू नकोस. त्या दिवशी आपल्या पद्धतीने आपल्याला तेच उत्तर मिळाले. ते खोडलेस तर आपली पद्धत चुकली हे कोणाला कळणारच नाही. शेजारी लिही, काय घडले ते.” आणि थोड्या वेळाने, “मध्ये बोलायचे नाही हे मी शिकवले होते. त्यात तुझ्याइतकीच माझीही चूक आहे. रुग्णाला धोका दिसत असेल तर संशोधकाने गप्प बसायचे नसते, हे मला ठाऊक होते. मी ते सांगायला विसरले.”

आपल्या विद्यार्थिनीपुढे स्वतःची चूक अशा शब्दांत मान्य करणारे अध्यापक मी यापूर्वी पाहिले नव्हते. मी वहीचे पहिले पान उघडले. “आपण बघायला जातो आहोत, बदलायला नाही.” त्या वाक्याखालच्या दोन रेघा मॅडमनीही पाहिल्या. आम्ही दोघी काही बोललो नाही.

पुढचे काही दिवस मी कानाविषयी मिळेल ते वाचले. म्हातारपणी ऐकू कमी येते, एवढेच मला ठाऊक होते. पण ते सगळेच सारखे कमी होत नाही. आधी जातात ते उंच पट्टीतले ध्वनी. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, ट अशी व्यंजने निसटतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. म्हणून वृद्ध माणूस “ओरडतोस कशाला, ऐकू येतं मला” असेही म्हणते आणि चुकीचे उत्तरही देते. दोन्ही खरे असते! त्यात जुन्या पद्धतीचा टेलिफोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी वाहून नेतो. ‘स’चा पुष्कळसा भाग त्याच्या वरचा, म्हणजे तो वाटेतच गळतो. समोरासमोर असताना माणूस ही उणीव ओठांकडे पाहून भरून काढते. तोंडावर मास्क असला, पडद्यावरचे चित्र अडखळले, की तेही गेले. शिवाय आपल्याला ऐकू आले नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायची लाज. परक्या, शिकलेल्या, घाईत असलेल्या माणसापुढे आपण ‘काय?’ असे किती वेळा म्हणू? एकदा, फार तर दोनदा. मग मान हलवू. आक्कांनी मान हलवली तो अडाणीपणा नव्हता, तो शिष्टाचार होता.

देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची मोठी पाहणी केली. तिचा अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. मॅडमच्या टेबलावर तो जाडजूड ग्रंथ नेहमी असतो. एवढ्या मोठ्या कामापुढे आमची चार मुलांची पाहणी म्हणजे समुद्रापुढे ओंजळ. पण ओंजळ असो की समुद्र, पाण्याचा प्रत्येक थेंब कोणीतरी कोणाच्या तरी ओटीवर बसून, प्रश्न विचारून आणलेला असतो. पूर्वी तक्ते पाहताना मला फक्त टक्के दिसत. आता वाटते, या टक्क्यांत मान हलवणारे किती असतील, आणि विचारणाऱ्याला ते ओळखता आले असेल का?

मॅडमनी प्रश्नावली बदलली. सतरावा प्रश्न आता असा आहे : “डॉक्टरांनी कोणती गोळी कधी घ्यायला सांगितली, ते तुमच्या शब्दांत सांगा.” उत्तर जसेच्या तसे लिहायचे आणि चिठ्ठीशी ताडून पाहायचे. ही काही मॅडमची नवी युक्ती नव्हे. परिचारिकांना आणि डॉक्टरांना रुग्णाकडून सूचना वदवून घेण्याची ही पद्धत शिकवली जाते. फक्त ती प्रश्न विचारणाऱ्यांनीही वापरावी, हे आम्हांला आक्कांनी शिकवले. आणखी एक रकाना वाढला : तपासणीच्या वेळी रुग्णाजवळ कोण होते? सून, शेजारीण, आशाताई, की कोणीच नाही? गंमत अशी की २०२० च्या त्या सरकारी नियमांत रुग्णाच्या वतीने बोलणारा काळजीवाहक आणि मध्ये असणारा आरोग्य कर्मचारी या दोघांचाही वेगळा विचार केलेला आहे. नियम करणाऱ्यांना ते माणूस दिसले होते. आमच्या प्रश्नावलीला दिसले नव्हते.

बदललेली प्रश्नावली घेऊन आम्ही फेब्रुवारीत पुन्हा गेलो. पूर्वी ज्यांच्यापुढे ‘होय’ची खूण होती, त्यांतल्या बऱ्याच जणांना गोळ्यांची वेळ सांगता आली नाही. नक्की किती, ते मॅडमच्या प्रबंधात येईल, मी ते इथे फोडणार नाही. पण ज्यांच्याजवळ तपासणीच्या वेळी कोणी बसले होते, त्यांची उत्तरे पुष्कळ बरी होती. गिरणीतले आजोबा तर धडाधडा सर्व सांगून मोकळे झाले. त्यांच्या तपासणीला विरारहून त्यांचा मुलगाही फोनवर हजर असतो, आणि वडिलांना काय सांगितले ते रात्री पुन्हा विचारतो. सीएचओ मॅडमनीही आपणहून एक गोष्ट सुरू केली आहे. इंग्रजी चिठ्ठीच्या मागे त्या स्केचपेनने उगवता सूर्य आणि चंद्रकोर काढतात आणि त्याखाली ती-ती गोळी चिकटवून देतात. चित्रकला बेताचीच, पण सूर्य सूर्यासारखा दिसतो.

वृद्धांची सेवा आता तारेवरून होणार, यात शंका नाही. देशात साठीच्या पुढची माणसे २०११ च्या जनगणनेतच दहा कोटींच्या वर होती. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे, तोही टेलिफोनच. एवढ्या सगळ्यांच्या उशाशी बसायला डॉक्टर कुठून आणणार? तेव्हा दूरचा डॉक्टर हवाच. माझे म्हणणे इतकेच की दूरच्या डॉक्टरांना जवळचे एक माणूस लागते. खड्डा पडतो का पाहणारा अंगठा, ओठ जवळ नेऊन वाक्य पुन्हा सांगणारे तोंड, मूल यंत्रापाशी धरून उभे राहणारे हात, ही कामे यंत्र करीत नाही. ती कोणीतरी करते, बहुधा फुकट करते, आणि हिशेबात धरली जात नाही. आणि कुलूपबंद घरांच्या वाडीत ते ‘कोणीतरी’च कमी होत चालले आहे.

आक्कांना मी विचारले, “आता तालुक्याला जाऊन दाखवाल की इथेच?” मला वाटले होते, पडल्यानंतर त्यांचा विश्वास उडाला असेल. त्या म्हणाल्या, “इथंच. तालुक्याला कोण जातंय? पेटीतला डॉक्टर चांगला आहे. फक्त कोण तरी बाजूला बसा.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “तू बसली होतीस ना त्या दिवशी? बरं वाटलं होतं मला.”

याचे उत्तर मी देऊ शकले नाही.

त्या रात्री घरी परतले. आमची आजी पडवीत वाती वळीत होती. ती आमच्याजवळच राहते. आम्ही तिची नीट काळजी घेतो, असा आमचा समज आहे. मी जेवणाचे ताट वाढून घेत आतूनच विचारले, “आजी, संध्याकाळची गोळी घेतलीस?”

“हो, हो,” आजी म्हणाली.

मी ताट खाली ठेवले, बाहेर आले, तिच्यासमोर बसले. “मी आता काय विचारलं, सांग बघू.”

आजीने वात वळायची थांबवली. जरा चिडलीच. “जेवलीस का म्हणून विचारलंस. दुसरं काय विचारणार?”

— तृतीय वर्ष कला (समाजशास्त्र)